बांधाची रुंदी

आगरवाड्याच्या मिठागराची वेबसाइट करायला घेतली
तेव्हा सवयीने बारा कॉलम आखून बसले.
बाराला दोनाने भाग जातो, तीनाने, चाराने, सहाने,
उगीच नाही सगळे बाराच्या भजनी लागत.
म्हापशाच्या ऑफिसात नेल्सनने भिंतीला चिकटवलंय:
एक काम, एक ग्रिड.
कागद पिवळा पडलाय,
कोपऱ्यावर चहाच्या पेल्याचा गोल.

मीठ निघालं पाच प्रकारचं.
जाडं, बारीक, लोणच्याचं, गुरांचं,
आणि ते हलकं, वाऱ्याने एका कडेला जमणारं,
जे हल्ली हॉटेलवाले तोळ्याने नेतात.
बाराला पाच जात नाही.
वर तीन बसवले, खाली दोन,
आणि खालचे दोघे
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखे
हात कुठे ठेवावेत न कळून उभे.

त्यात पुरसोकाकांचं बोलणं,
दीड तास रेकॉर्ड केलेलं, जवळजवळ श्वास न घेता.
त्याचे तीन कॉलम केले
तर आजोबांनी वाक्य सुरू करायचं इथे
आणि संपवायचं पलीकडच्या वाड्यावर.

मार्चमध्ये गेले, फोटो कमी पडत होते म्हणून.
शापोऱ्याचं पाणी मानशीतून आत येत होतं.
काका बांधावरून पुढे, अनवाणी,
मी मागे, चपला हातात, कॅमेरा गळ्यात.
पहिला खण एवढा मोठा की त्यात आभाळ सैल पडलेलं.
पुढचे त्याच्या निम्मे, आडवे.
त्यापुढचे अरुंद, ओळीने,
पायांनी तुडवून तुडवून तळ गुळगुळीत केलेले,
आणि तिथे पाणी जड होऊन
कडेकडेने पांढरं बोलायला लागलेलं.
मी विचारलं, सगळे एका मापाचे का नाही केले?
ते वळलेसुद्धा नाहीत.
"उदक सगळे कडेन एकूच काम करता काय गो?"

मग जरा थांबून पाय दाखवला.
"बांद मात एकूच. ह्या पांयाचो."
रात्री भरती बघायला यावं लागतं,
कंदील नसला तरी
पाऊल जिथे पडतं तिथे बांध असतो.

घरी येऊन बारा पुसले.
पहिल्या पानाला दोन: एक फोटो, एक पाण्याची नुसती रिकामी जागा.
मिठाला पाच, कुणी पोरकं नाही.
भरती-ओहोटीच्या तक्त्याला सात, आठवड्याचे.
काकांना एकच कॉलम, मध्यभागी,
दोन्ही अंगांना भरपूर मोकळं,
म्हणजे ते दम न घेता बोलू शकतील.
आणि खण कितीही असोत,
दोन कॉलममधली फट सगळीकडे चोवीस पिक्सेल.
एकाही पानावर तेवीस नाही.
कडेची जागा तीच, ओळींची उंची तीच.

नेल्सनने चष्मा वर करून पाहिलं,
मग खाली करून पाहिलं.
"हे पाच कुठून आले?"
"मिठातून," म्हटलं.
तो पानांतून मागेपुढे फिरत राहिला,
अडखळायला जागा शोधत.
भिंतीवरचा कागद काही त्याने काढला नाही.
नंतर म्हणाला, भावाच्या पानावर एक ठिपका सरकलाय.
सरकला होता.

मे संपताना काकांच्या नातवाच्या फोनवर उघडून दिलं.
तिथे अर्थातच सगळं एकाखाली एक,
पाचांचा एक, साताचा एक.
काकांनी भेगाळल्या अंगठ्याने वर लोटलं,
आणखी वर लोटलं.
"खण खंय गेले गो?"
मी सांगायला लागले, पडदा अरुंद आहे, म्हणून मग...
"पावसांत अशेंच जाता," ते म्हणाले.
"सगळें एक. बांद सकयल आसता."

एवढं बोलून परत लोटत राहिले,
गुरांच्या मिठापाशी थांबले,
फोन लांब धरला, जवळ आणला.
"भाव चुकला," म्हणाले.
"धा रुपया उणे बरयलें."